हरेश्वरकाकांनी जिंकलेलं भांडण

मला गोड बोलता येत नाही, हे मी ट्रेनिंगच्या पहिल्याच दिवशी विद्याधर सरांना स्पष्ट सांगितलं होतं. सर आमचे सुपरवायझर, स्वभावाने अगदी गरीब माणूस. म्हणाले, "जमेल हो, दर्शनाताई. समोरचा बोलत असला की नुसती मान हलवायची आणि म्हणायचं, मला समजतंय." मी मान हलवून म्हणून दाखवलं. सर खुर्चीसकट जरा मागे सरकले. "यात थोडी धमकी वाटतेय," ते म्हणाले. "पुन्हा करून बघूया."

बारा दिवस हेच चाललं. आमच्या हॉस्पिटलात एच.आय.व्ही.च्या गोळ्या मिळतात ते एआरटी सेंटर आहे. गोळ्या चांगल्या आहेत, नियमाने घेतल्या तर माणूस म्हातारा होऊन भलत्याच रोगाने जातो. पण मन बसलं की माणूस गोळी घेत नाही. आणि बसलेलं मन उठवायला अख्ख्या उपनगराच्या गर्दीला डॉक्टर एक, तेही फक्त गुरुवारी. म्हणून वरून कुणीतरी योजना काढली की जुन्याच पेशंटना थोडं शिकवा आणि नव्या उदास पेशंटशी बोलायला बसवा. त्यात मी घुसले. मला चौदा वर्षं झाली गोळ्या घेऊन. रिपोर्टमध्ये माझा व्हायरस सापडत नाही, राग मात्र न शोधता सापडतो.

आपल्याला काय आहे ते पेशंटला सांगायचं की नाही, हे ज्याने त्याने ठरवायचं होतं. मी सांगत नाही. त्याला कारण आहे. चौदा वर्षांपूर्वी आमच्या दिंडोशीच्या वस्तीत माझी बातमी फुटली, तेव्हा मला वाटलं होतं आता बायका शिव्या देतील. झालं उलटंच. नळावर मी गेले की सगळ्या बाजूला व्हायच्या. "दर्शना, तू भर गं आधी." दोन महिने मी पहिल्या नंबराने पाणी भरलं आणि घरी येऊन रडले. मग एक दिवस आमच्या शेजारच्या शेवंतीने माझी कळशी लाथेने उडवली आणि म्हणाली, "लाइन दिसत नाही का गं तुला, महाराणी?" त्या दिवशी मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. पुन्हा कुणाला आपलं सांगून तो गोड आवाज ऐकायचा नाही, हे मी तेव्हाच ठरवलं.

हरेश्वरकाका माझे पहिले पेशंट. वेसाव्याच्या कोळीवाड्यातले, वय अठ्ठावन्न, आयुष्यभर होडीवर तांडेल म्हणून खलाशांवर ओरडलेले. आवाज असा की खाडीपलीकडून हाक मारली तरी अलीकडे भांडी वाजावीत. पण त्या मंगळवारी ते माझ्यासमोर बसले तेव्हा आवाज असा येत होता की मला दोनदा पंखा बंद करावा लागला. चार वर्षं गोळ्या नीट घेतलेल्या, आणि गेले तीन महिने अर्ध्याहून जास्त पाकिटं तशीच. बायको आठ वर्षांपूर्वी वारलेली. मुलगी नेत्रा मुलुंडला दिलेली.

आमच्याकडे नऊ प्रश्नांचा फॉर्म असतो. गेल्या दोन आठवड्यांत उदास वाटलं का, झोप लागते का, भूक लागते का, असं एकेक विचारायचं आणि शून्य ते तीन आकडा लिहायचा. काकांचे सत्तावीसपैकी एकोणीस झाले, म्हणजे उदासी फारच. नववा प्रश्न असतो, मरून जावं असं वाटतं का. मी तो विचारला. काका खिडकीबाहेरच्या टाकीकडे बघत म्हणाले, "बहुतेक रोज."

मी पेन खाली ठेवलं. घाबरले होते, खोटं कशाला सांगू. त्यांना तसंच हाताला धरून सरांकडे नेलं, सरांनी डॉक्टरांना फोन लावला, डॉक्टर वार सोडून आले आणि तासभर त्यांच्याशी बोलले. उदासीची गोळी सुरू झाली. ती लागू पडायला काही आठवडे जातात. काकांना विचारून नेत्राला कळवलं. आणि दर मंगळवारी काकांनी माझ्याकडे यायचं ठरलं. या माणसाला गोळ्या खायला परत उठवायचं, नाहीतर तो आपल्या हातून जाईल, एवढंच मला कळत होतं.

पहिल्या दोन मंगळवारी मी पुस्तकाप्रमाणे वागले. उदास माणसाने रोज एकतरी आवडीची गोष्ट करायची, मन नसलं तरी करायची, मग हळूहळू मन मागून येतं, अशी ती पद्धत. ती चांगलीच आहे. पण त्याबरोबर जी आनंददायी गोष्टींची यादी आली होती ती कुठल्यातरी थंड देशातून आलेली आणि कुणीतरी घाईघाईत मराठी केलेली. मी वाचत गेले.

"बर्फात खेळणे."

काकांनी माझ्याकडे पाहिलं.

"बर्फ आहे ना तुमच्या होडीत," मी म्हणाले.

"त्यात मासली ठेवतात."

"बरं. समुद्रकिनारी फेरफटका मारणे."

"पोरी, माजं घर कटे हाय?"

"मासेमारी, छंद म्हणून."

यावर काकांनी डोळे मिटून घेतले. मीही यादीची चार घड्यांची पुडी केली आणि ड्रॉवरमध्ये टाकली. म्हटलं, "काका, यादी मरू दे. मला सांगा, तुम्हाला आधी काय केल्यावर बरं वाटायचं? खरं सांगा, कसलंही असू दे."

ते लाजत म्हणाले, "भांडान."

"काय?"

"वयनीसंगं भांडान."

वयनी म्हणजे कृष्णाबाई, त्यांच्या मोठ्या भावाची विधवा. वय बासष्ट, बाजारात मासे विकते. दोघांची घरं शेजारीशेजारी आणि मध्ये अडीच हात रुंद वाळूचा पट्टा. तो कुणाचा, यावर एकतीस वर्षं वाद. कृष्णाबाई तिथे दोऱ्या बांधून बोंबील वाळत घालायची, काका तिथेच जाळ्यांचा ढीग टाकायचे. रोज सकाळी दहाच्या सुमाराला ती बाहेर यायची, जाळ्यांना नावं ठेवायची, मग काका बाहेर यायचे. तिथून पुढे वीस-पंचवीस मिनिटं. गल्लीतली माणसं चहाचे कप घेऊन दारात येत. काकांचे आजोबा होडी कशी उलटी हाकत होते इथपासून कृष्णाबाईच्या माहेरचं कालवण किती पातळ असतं इथपर्यंत सगळं निघायचं. आणि दर वेळी जिंकायची कृष्णाबाईच. तिचं शेवटचं वाक्य असं असायचं की काकांना उत्तर सुचेपर्यंत दुपार व्हायची. मग ते होडीवर जाऊन जाळं ओढता ओढता उद्याचं उत्तर तयार करत. ते सांगताना त्यांच्या आवाजाला जरा धार आली, मला पंखा परत लावता आला.

"मग बंद का झालं?" मी विचारलं.

काकांनी मान खाली घातली. "मी जिंकलो."

सहा महिन्यांपूर्वीची गोष्ट. बोंबलाचं पाणी जाळ्यावर गळलं म्हणून भांडण लागलं होतं. कृष्णाबाई म्हणाली, तुला अंगात बळ नाही, कामाला रोज जात नाहीस, आळशी झालायस, ही जाळी विकून टाक. काकांना उत्तर सुचेना. आणि एकतीस वर्षांत एकदा तरी तिचं तोंड बंद व्हावं म्हणून, अख्ख्या गल्लीसमोर, त्यांनी हातात असलेलं एकमेव उत्तर फेकलं.

"मना एच.आय.व्ही. झालाय! आता बोल!"

कृष्णाबाईचं तोंड उघडं ते उघडंच. गल्लीतले कप थांबले. पाच-दहा सेकंद काकांना एवढा आनंद झाला म्हणे की तसा लग्नातही झाला नव्हता. मग कृष्णाबाईने आपल्या दोऱ्या गुंडाळल्या, बोंबील उचलले आणि घरात गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला ती बाहेर आली आणि म्हणाली, "हरेश्वरभावजी, करंदीचं कालवण केलंय, देऊ?"

भावजी! आयुष्यभर हऱ्या म्हणणारी बाई.

तेव्हापासून अख्खी गल्ली हळू बोलायला लागली. कुणी त्यांना वाईट वागवलं नाही, उलट इतकं चांगलं वागवलं की विचारू नका. पत्त्यात मुद्दाम हरू लागले. होडीवरचे खलाशी म्हणाले, तांडेल, तुम्ही आराम करा. नेत्रा दिवसातून दोनदा फोन करून लहान मुलाशी बोलावं तशी विचारायची, पप्पा, जेवलात का. काका म्हणाले, "मयताला आल्यासारखी येतात सगली. फकस्त मी उठून बसलोय, एवढाच फरक."

मला एकदम आमच्या नळावरची ती मोकळी झालेली लाइन दिसली. फॉर्मवर रोजच्या आवडीच्या गोष्टीचा रकाना असतो, त्यात मी मोठ्या अक्षरात लिहिलं, भांडण, रोज सकाळी दहा वाजता, वीस मिनिटं.

विद्याधर सरांनी ते वाचलं आणि चष्मा पुसून पुन्हा वाचलं. म्हणाले, "यात उपचार कुठे आहे?" मी म्हटलं, "सर, तुम्ही कधी भांडलाय का कुणाशी?" सर म्हणाले, "नाही." मी म्हटलं, "मग तुम्हाला नाही समजणार." सरांनी मान हलवली आणि सवयीने म्हणाले, "मला समजतंय."

काकांची परवानगी घेऊन मी वेसाव्याला बाजारात गेले. परवानगी मागितली तेव्हा ते म्हणाले, सगळ्या गल्लीला मीच ओरडून सांगितलंय, आता लपवायचं काय राहिलं. कृष्णाबाई पापलेटांच्या रांगेमागे बसली होती. हातभर बांगड्या, केसात अबोली, आणि समोरच्या गिऱ्हाइकाचा तिने जो उद्धार चालवला होता तो ऐकून माझं मन भरून आलं. गिऱ्हाईक गेल्यावर मी तिला सगळं समजावलं. ती ऐकत गेली आणि डोळ्यांना पदर लावू लागली.

"बिचारा माजा भावजी," ती म्हणाली. "त्याला बरं वाटत असंल तर भांडेन गं. औषद म्हनून भांडेन."

मी खूश झाले. तिथेच चुकले.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता पहिला डोस होता. मी आणि सर बघायला गेलो होतो, सरांच्या हातात वही. कृष्णाबाई नवी साडी नेसून पट्ट्यात येऊन उभी राहिली. मागे गल्लीतल्या सात-आठ बायका, सगळ्या आजारी माणसाला भेटायला आल्यासारख्या तोंडं करून.

"हरेश्वरभावजी, जेवलास काय?" ती म्हणाली.

"जेवलो."

"मग भांडूया?"

"भांड."

कृष्णाबाईने घसा साफ केला. माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून धीर दिला. ती म्हणाली, "तू ना... तुजी ती जाली... जरा घान वास येतो रं त्यांना." मग लगेच घाबरून, "म्हंजे जास्त नाय. थोराच."

मागची एक बाई म्हणाली, "तसा सगल्याच जाल्यांना येतो."

"व्हय, व्हय," सगळ्या म्हणाल्या.

काका म्हणाले, "तुजे बोंबील पन घान वास मारतात." तेवढ्यापुरती त्यांच्या डोळ्यांत जरा चमक आली होती. ते पुढच्या वाराची वाट बघत उभे राहिले. कृष्णाबाई हात जोडून म्हणाली, "चुकलं माजं, भावजी. उद्यापासून गच्चीत वालत घालीन."

सरांनी वहीत लिहिलं, वातावरण सौहार्दपूर्ण. काका घरात गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. तीन दिवस असे डोस चालले. तिसऱ्या दिवशी कृष्णाबाईने भांडणाआधी त्यांना सरबत दिलं. चौथ्या दिवशी काका बाहेरच आले नाहीत. मंगळवारी ते माझ्याकडे आले तेव्हा म्हणाले, "बंद कर गं ते. भीक मागितल्यासारखं वाटतंय मना." त्या दिवशी फॉर्मवर वीस झाले. मी घरी जाऊन भांडी इतकी आपटली की नवऱ्याने, धम्मपालने, विचारलंसुद्धा नाही काय झालं म्हणून.

पुढच्या मंगळवारी काका आलेच नाहीत. फोन बंद. मी नेत्राला लावला. ती आनंदात होती. म्हणाली, "अहो मॅडम, गुड न्यूज! पप्पांनी ती मधली जागा काकूला देऊन टाकली. सकाळी कागदावर लिहून सही केली. जाळीपण खलाशांना वाटली. किती छान ना? भांडणच मिटलं."

ट्रेनिंगमधलं बाकी काही माझ्या डोक्यात राहिलं नव्हतं, पण हे राहिलं होतं. उदास माणूस अचानक आपल्या वस्तू वाटायला लागला की धावायचं. मी सरांना खुर्चीतून उठवलं, तसंच रिक्षात घातलं आणि नेत्राला म्हटलं, तूही निघ. रिक्षावाला आरामात चालला होता. त्याला मी जे काही बोलले ते ऐकून सरांनी कानावर हात ठेवले. पण रिक्षा पळाली.

आम्ही गल्लीत शिरलो तर काकांचं दार उघडं. आत काका भिंतीकडे तोंड करून बसलेले. जिवंत. उशाशी पाकिटं, एकही फोडलेलं नाही. मी आत पाऊल टाकणार, मान हलवणार, मला समजतंय म्हणणार, तेवढ्यात मागून कुणीतरी मला असं ढकललं की मी सरांवर आणि सर तुळशीवर.

कृष्णाबाई. बाजारातून तशीच आली होती, हातात कोयता, दुसऱ्या हातात तो कागद.

"हऱ्या!" ती ओरडली. "भायेर ये!"

गल्लीतली दारं उघडली.

"यो कागद कोनी लिवला? एकतीस वर्सं मी ह्या जागेसाठी घसा फोडला. आनि तू फुकट देतंस? मी काय भिकारीन हाय?"

"घे ना वयनी," काका भिंतीलाच म्हणाले. "तुजीच हाय."

"माजीच हाय! मना ठाव हाय माजीच हाय! पन ती मी घेनार, तू दिनारा कोन? त्या दिवशी जिंकलास म्हनतंस ना गल्लीभर? ते जिंकनं न्हवतं. ते तोंड दाबनं होतं. लाज नाय वाटत, रोगाचं नाव सांगून बाईला गप करतंस? आनि मी येडी, गप पन झाले! सहा महिने तुना भावजी भावजी केलं, जीभ सडली माजी!"

काका वळले. मला त्यांचा चेहरा दिसला, रागाने लाल होत चाललेला. सहा महिन्यांनी त्यांच्याशी कुणीतरी खरं बोलत होतं.

"वयनी, मना बोलाय लावू नको."

"बोल ना! हाय काय बोलाया?"

काका उठून उभे राहिले. दारात आले. आणि खाडीपलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी पुन्हा तेच उत्तर फेकलं. "मना एच.आय.व्ही. हाय!"

मी डोळे मिटले. आता ही पुन्हा विरघळणार.

"हाय तर हाय!" कृष्णाबाई म्हणाली. "मना शुगर हाय! बीपी हाय! दोनी गुडगे गेलेत! मी दिली काय कोनाला जागा लिवून? गोल्या हायेत ना? त्या खायाच्या आनि हटे उभं रहायचं!"

सर मातीतून उठत, हात जोडून मध्ये पडले. म्हणाले, "ताई, मला समजतंय."

"तुमाला काय समजतंय?"

"काही नाही," सर म्हणाले आणि पुन्हा तुळशीपाशी जाऊन उभे राहिले.

काका नुसतेच धापा टाकत होते. मग त्यांचं लक्ष त्या पट्ट्याकडे गेलं. दोऱ्या तिने परत बांधल्या होत्या, कधी कोण जाणे, आणि बोंबील थेट त्यांच्या खिडकीच्या तोंडाशी लटकत होते.

"आनि यी दोरी?" ते गरजले. "यी दोरी माज्या खिडकीला कोनी बांदली?"

"मी बांदली! काय करशील?"

"तुज्या बापाची हाय काय खिडकी?"

"बापाचं नाव काडू नको, तुज्या आज्यानं होडी उलटी हाकली!"

मग जे सुरू झालं ते पाऊण तास चाललं. चहाचे कप दारांत आले. ज्या खलाशांना जाळी वाटली होती त्यातला एकजण गुपचूप आपला वाटा आणून पट्ट्यात टाकून गेला. त्यावरून आणखी वीस मिनिटं. शेवटी कृष्णाबाईचा आवाज चिरकला. कोयता खाली पडला. ती रडत होती, पण भांडणातच रडत होती, आवाज जराही खाली न आणता.

"तू मेलास तर मी सकाली उठून कोनाच्या नावानं बोंबलू रं? कोन हाय मना? लेक ठान्याला, नवरा वर. तू एकटाच हायस उलट बोलनारा. गोली का नाय खाल्लीस, मुडद्या?"

काका आत गेले, पाकीट फोडलं आणि सगळ्यांसमोर गोळी गिळली, पाणी न घेता. कृष्णाबाई म्हणाली, "पानी कोन पिनार, तुजा आजा?" आणि तांब्या आपटला.

जिंकली तीच. मी मात्र त्या तुळशीपाशी सरांच्या बाजूला उभी राहून हमसाहमशी रडले आणि सरांनी मला रुमाल दिला.

नेत्रा पोचली तेव्हा दोघं पुन्हा बोंबलांवर आली होती. ती घाबरून मध्ये पडायला निघाली, मी तिचा हात धरला. म्हटलं, "थांब. ते बरे होतायत."

आता कुणाला वाटेल एका भांडणात सगळं झालं, तर तसं नाही. डॉक्टरांची गोळीही तेवढ्यात लागू पडू लागली होती. मध्ये दोन दिवस असे गेले की काका उठलेच नाहीत. पण तेव्हा कृष्णाबाई खिडकीवर कोयत्याची मूठ वाजवायची. नियम तिनेच घालून दिला, आधी गोळी, मग भांडण. "गोली घेतलीस?" "घेतली." "दाव रिकामं पाकीट. आता भायेर ये." विद्याधर सरांनी वहीत सौहार्दपूर्ण खोडून काय लिहिलं ते मला दाखवलं नाही.

सात आठवड्यांनी काका माझ्यासमोर फॉर्मला बसले. पंखा चालू होता आणि मला त्यांचा आवाज कानात बोट घालून ऐकावा लागत होता. झोप बरी. भूक बरी. आकडा आठवर आला. नववा प्रश्न राहिला होता.

"मरून जावं असं वाटतं का, काका?"

"कसा मरू? जागा तिला जाईल." मग जरा थांबून, खालच्या आवाजात, "पन रविवारी वाटतं थोरं. रविवारी ती लेकीकडे जाते, ठान्याला. गल्लीत सगलं गप असतं."

मी एक लिहिला. त्यावर करायच्या गोष्टी असतात, त्या मी केल्या, डॉक्टरांना कळवलं. मग म्हटलं, "रविवारी मी येते."

काकांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तू? तुना येतंय काय भांडाया? तू हास्पिटलातली. गोड बोलनारी."

माझं डोकंच फिरलं. आयुष्यात मला कुणी गोड म्हटलं नव्हतं.

"गोड?" मी ओरडले. "मी गोड? चौदा वर्षं मी ह्याच गोळ्या खातेय, तुमच्यासारखी पाकिटं उशाशी नाही साठवत! मलाही तेच आहे जे तुम्हाला आहे, आणि रविवारची सुट्टी सोडून, दिंडोशीवरून दोन बस बदलून मी तुमच्यासाठी येणार, आणि मला गोड म्हणता?"

तोंडातून गेल्यावर मला कळलं काय गेलं ते. काका माझ्याकडे बघत होते आणि मी त्यांच्या चेहऱ्यावर ती मऊ, पाणीदार नजर यायची वाट बघत होते. आता बिचारी म्हणतील. आता डोक्यावर हात ठेवतील. चौदा वर्षं मी ज्याला घाबरत होते ते आता या खोलीत होणार.

काकांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"दोन बस कशाला?" ते म्हणाले. "दिंडोशीवरून एकच येते. अक्कल नाय तर इचारायचं."

"दोनच लागतात!"

"एकच! अठ्ठावन वर्सं या शेहरात हाय मी!"

"तुम्ही होडीवर होता, बसमध्ये नव्हता!"

बाहेरच्या बाकावरच्या पेशंटनी दार किलकिलं करून आत पाहिलं. विद्याधर सर धावत आले, आम्हा दोघांकडे बघून त्यांनी दार हळूच परत लावलं. भांडण पंधरा मिनिटं चाललं. मी हरले. मला इतकं हलकं वाटत होतं की संध्याकाळी मी शेवंतीला चहाला बोलावलं.

रविवारी साडेदहाला मी वेसाव्याला पोचले. बस एकच लागली, पण ते मी काकांना सांगितलं नाही.